एका बंदुकीची टिटवी

४ सप्टेंबर, गुरुवार

सुतळी तुटली म्हणून सापडलं! नाहीतर सकाळी ते ट्रकमधून गेलं असतं. 

नीट लिहितो. इथे जपानात कचरा वारांप्रमाणे जातो, आज कागदाच्या कचऱ्याचा दिवस. आठच्या आत गठ्ठ्याला सुतळीची फुली बांधून खाली ठेवायचा — हे खातं माझं. लिफ्टच्या दारातच सुतळी तुटली आणि सगळे कागद पसरले. जाहिराती, खोकी, तन्वीच्या शाळेच्या वर्कशीट. आमच्या घरात पाठकोरा कागद वाया जात नाही. पुढे तन्वीची त्रिकोणमिती, तर मागे सामानाची यादी नाहीतर माझी ऑफिसची टिपणं. दोन्ही बाजू भरल्या की मगच गठ्ठ्यात. तर वाकून गोळा करत होतो, आणि एक कागद उलटा पडलेला.

एक यंत्र! लढाईचं. पण रणगाड्यासारखं ढोलं नाही. दोन लांब काटकुळे पाय, गुडघे मागे वळलेले. वर एवढंसं अंग — आत एकच माणूस मावेल, तोही दुमडून. डोक्याच्या जागी एक मोठा गोल डोळा. उजव्या बगलेत एक बंदूक, तीसुद्धा असावी म्हणून ठेवल्यासारखी. चिलखत नाही, तोफ नाही, काही नाही. आणि ते पळतंय! एक पाय हवेत, अंग पुढे झुकलेलं, मागे धूळ. लढायला निघालेलं नाही ते. बघून यायला निघालंय. टेहळ्या! शेजारी तेच यंत्र बाजूने काढलेलं. पेन्सिल, एका दमात. खोडलेलं कुठे नाही.

कागद उलटा केला. वर नाव — तन्वी, इयत्ता दहावी. लाल पेनने दहापैकी सात.

माझ्या पोरीने काढलंय हे! जी माझ्याशी दिवसाला सहा शब्द बोलते. त्यातले तीन जपानी, दोन इंग्रजी आणि एक 'बाबा'.

कागद लॅपटॉपच्या बॅगेत ठेवला. विचारलं नाही. विचारलं की मिटते ती.

५ सप्टेंबर

मीटिंगमध्ये टेबलाखाली गुडघे मागे वळवून बघत होतो. वळत नाहीत. शेजारी बसलेल्या अनुरागने विचारलं, "विजयदादा, पाठ दुखतेय का?"

६ सप्टेंबर, शनिवार

आज कागद तोबिता-सानना दाखवला. घराजवळ ओजिमाच्या बाजाराच्या गल्लीत त्यांचं मॉडेलचं दुकान आहे. बाहेरून बघाल तर बंद पडलंय असं वाटेल. आत छतापर्यंत डबे. मागे चार टेबलं, गिऱ्हाइकांनी बसून जोडकाम करायला. जूनपासून दर शनिवारी मी तिथे असतो. वय सत्तेचाळीस, हुद्दा टेस्टिंग लीड, छंद प्लॅस्टिकची यंत्रं जोडणे. पुण्यात कुणाला सांगितलेलं नाही. सांगितलं तर आयुष्यभर ऐकावं लागेल!

तोबिता-सान पंचाहत्तरचे. त्यांनी चष्मा काढला, कागद नाकाजवळ नेला आणि तिथेच धरून ठेवला. मला वाटलं डुलकी लागली. मग म्हणाले, "हे काढणाऱ्याला पळणं माहीत आहे, विजय-सान. कोण?"

"माझी मुलगी!" हे मी इतक्या जोरात म्हणालो की पलीकडच्या टेबलावरच्या माणसाचा डिंक सांडला.

आणि योगायोग बघा! दुकानाची दरवर्षीची स्पर्धा तीन नोव्हेंबरला. यंदाचा विषय टेहळणी यंत्र. नियम तीन — आराखडा स्वतःचा, उंची वीतभर, आणि हत्यार फक्त एक! तोबिता-सान म्हणाले, "दरवर्षी लोक तोफा लावून लावून यंत्र बुडवतात. यंदा बघू, कुणाला हलकं राहता येतं."

ठरलं. मी बांधणार. प्रवेशपत्रावर दोन नावं लिहायची असतात. आराखडा — तन्वी. बांधणी — विजयकुमार. घरी चकार शब्द काढायचा नाही. तीन तारखेला तिला घेऊन जायचं आणि काचेसमोर उभं करायचं.

मग काय होईल? माहीत नाही. मार्चमध्ये तिची बोर्डाची परीक्षा, एप्रिलमध्ये ती पुण्याला, माझ्या बहिणीकडे, अकरावी-बारावीला. म्हणजे सात महिने. सात महिन्यांत मला माझी मुलगी परत ओळखीची करून घ्यायची आहे. लहानपणी माझ्या पोटावर पालथी पडून चित्रं काढायची. कधी थांबलं ते सगळं? मला कुणी कळवलं नाही!

७ सप्टेंबर

नाव सुचलं! टिटवी!

तेच पाय, तीच धावपळ, तोच आगाऊपणा. रानात कुणी आलं की सगळ्यात आधी हिला कळतं आणि मग ही अख्ख्या गावाला कळवते. टेहळ्याला याहून चांगलं नाव नाही.

बायकोला, सिंधूला, म्हटलं, मी दुकानात एक नवीन यंत्र बांधतोय, नाव टिटवी. कणीक मळता मळता तिचे हात थांबले. "टिटवीच का?"

मला वाटलं, आता अपशकुन वगैरे काढणार. माझी आई टिटवी ओरडली की देवापुढे दिवा लावायची. पण ती म्हणाली, "टिटवी जमिनीवरच अंडी घालते. कुत्रं आलं की पंख मोडल्याचं नाटक करत लंगडत पळते, त्याला लांब नेते. कृष्णेच्या वाळवंटात बघितलंय मी." आणि परत मळायला लागली. कराडची आहे ती. पक्ष्यांचं काय काय माहीत असतं तिला! यंत्रात मात्र शून्य.

१३ सप्टेंबर, शनिवार

डोळा झाला! गोल, पारदर्शक, आत लाल ठिपका. सहा तास लागले. तोबिता-सान म्हणाले, "इकडे बघतोय." खरंच बघतोय!

२० सप्टेंबर, शनिवार

प्लॅस्टिकचे पातळ पत्रे कापायचे, चिकटवायचे, घासायचे, परत घासायचे. बोटांची टोकं गुळगुळीत झाली, फोनला अंगठा ओळखू येत नाही. अंग तयार. एवढंसं, माझ्या मुठीत मावतं. मागची बाजू चित्रात दिसत नाही. तिथे एक सपाट पत्रा लावून टाकला. भिंतीकडेच तर राहणार आहे, कुणाला दिसतंय!

पलीकडच्या टेबलावरचे गृहस्थही स्पर्धेत आहेत. त्यांच्या टेहळ्याच्या 'एका हत्यारा'ला आठ नळ्या आहेत. एकच हत्यार म्हणे! आपल्याकडच्या सोसायटीत शोभला असता हा माणूस.

२४ सप्टेंबर

तन्वीला जेवताना सहज विचारलं, "तुला पळणारी यंत्रं आवडतात का गं?"

"हां?" म्हणाली. जपानी 'हां'. म्हणजे 'हे काय मध्येच?' सिंधूने माझ्या ताटात भात वाढला. मी भात कालवला. पण काय अभिनय करते पोरगी! चेहऱ्यावर काही म्हणून काही नाही.

४ ऑक्टोबर, शनिवार

पाय मोडला.

११ ऑक्टोबर, शनिवार

परत मोडला. दोनदा. च्यायला!

सगळा भार एका पायावर, कारण दुसरा हवेत. घोटा काडेपेटीच्या काडीएवढा. जाड केला तर टिटवीचा हत्ती होतो. दोन्ही पाय जमिनीवर टेकवले तर उभं राहतं छान, पण पळत नाही. पळत नाही तर मग उरलं काय? तोबिता-सान जवळ आले, बघितलं, "हं" म्हणाले आणि गेले. तीन आठवडे उरलेत. उत्साह सगळा पायाशी आला.

१२ ऑक्टोबर, रविवार

जमलं! जमलं!!

झालं असं — सकाळी तोंड पाडून ओट्याशी उभा होतो. सिंधू मेथी निवडत होती. सकाळच्या बेन्तोच्या — जेवणाच्या तयार डब्यांच्या — किचनमध्ये तिची आठवड्यातून चार दिवस पार्टटाइम नोकरी असते, रविवार तेवढा निवांत. म्हणाली, "काय बिनसलंय?" म्हटलं, एका पायावर उभं राहत नाही, पळताना दाखवायचंय, तुला नाही कळायचं.

"पळताना टाच टेकते का कधी?" तिने मेथीकडे बघतच विचारलं. "बोटांवर उभं करा. आणि अंग अजून पुढे घ्या. आत्ता पडेल असं वाटेल इतकं पुढे. मग भार बरोबर बोटांवर येतो." मग आत गेली आणि विणकामाची सुई घेऊन आली. लोखंडी, सगळ्यात बारीक. "ही आतून घाला. बाहेर दिसायची नाही."

मी तसाच चपला घालून दुकानात! सुई कापली, वाकवली, पायाच्या आतून घातली. अंग पुढे झुकवलं — पडेल, पडेल — आणि उभं राहिलं! एका पायाच्या तीन बोटांवर, माझी टिटवी! तोबिता-सान टाळ्या वाजवत नाहीत. आज दोन वाजवल्या.

घरी आल्यावर सिंधूला म्हटलं, "अगं, तुझा अंदाज बरोबर लागला!" ती म्हणाली, "हो का?"

२१ ऑक्टोबर, मंगळवार

लक्ष्मीपूजन. हाफ डे काढला. चकल्या उत्तम, एकही तुटली नाही. तन्वीने मराठीत 'हॅपी दिवाळी' म्हटलं. ते मराठी धरायचं की नाही?

२५ ऑक्टोबर, शनिवार

रंग. मला लष्करी हिरवा द्यायचा होता. मग कागद परत काढला. पेन्सिलीने पोटाखाली जागा कोरी सोडलेली आणि वर हलकी छटा. म्हणजे खरी टिटवीच की! वर तपकिरी, खाली पांढरी. नाव मी ठेवलं आणि पोरीने आधीच रंगसुद्धा तसा ठरवलेला! रक्त बोलतं, दुसरं काय.

१ नोव्हेंबर, शनिवार

दिली! प्रवेशपत्रही भरलं. आराखडा — तन्वी. तीन वेळा वाचलं. टेस्टिंग लीड आहे, अक्षर चुकू देणार नाही.

३ नोव्हेंबर, सोमवार, सुट्टी

पहिला नंबर!! पहिला!!

क्रमाने लिहितो, क्रमाने. दोघींना 'एक गंमत आहे' म्हणून नेलं. तन्वी कानात गाण्याचे बोळे घालून. सिंधू चांगली साडी नेसायला निघाली होती, म्हटलं अगं दुकान आहे, लग्न नाही. काचेच्या कपाटात अकरा यंत्रं. आठ नळ्यांवाले गृहस्थ बाद! नियम म्हणजे नियम. आणि मधल्या फळीवर टिटवी. दिव्यात डोळा चमकतोय. लहान लहान पोरं काचेला नाक लावून तिच्याचसमोर. एक तर म्हणाला, "हायाई!" — वेगवान! उभ्या यंत्राला वेगवान म्हणाला पोरगा! मला रडू यायचं बाकी होतं.

तन्वीने खालचं कार्ड वाचलं. कानातले बोळे काढले. माझ्याकडे बघितलं, परत कार्डाकडे. मग म्हणाली, "चिगाउ." — नाही, हे नाही. मी तिच्या पाठीवर थाप मारली, म्हटलं लाजू नकोस! ती आईकडे बघायला लागली.

सिंधू तर पुतळाच झाली होती. इतका वेळ काचेसमोर की मागच्या लोकांना 'सुमिमासेन' — जरा सरकता का — म्हणावं लागलं. मग मान वाकडी करून टिटवीची पाठ बघायला लागली. एवढंच बोलली, "मागे सपाट का?"

म्हटलं, "अगं हेराची पाठ कोण बघतंय!"

मतं मोजली, तोबिता-सानचं मत दुप्पट धरलं. पहिला नंबर! त्यांनी आराखडाकार म्हणून तन्वीला पुढे बोलावलं. ती गेलीच नाही, दारातून बाहेर. मीच घेतलं ते प्रशस्तिपत्रक. सिंधू टाळ्या वाजवत होती. इतकी मनापासून वाजवत होती की मला वाटलं, हिला यातलं फारसं कळत नसलं तरी आईचा जीव आहे शेवटी.

परतताना तिघांत मिळून कुणी बोललं नाही. मी सोडून.

४ नोव्हेंबर

ऑफिसात पेढे वाटले. अनुराग म्हणाला, "विजयदादा, हे रोबोटचे पेढे आहेत?" म्हटलं, मुलीचे. आहेच कोण दुसरं!

१५ नोव्हेंबर, शनिवार

हे असं काही असतं हेच मला माहीत नव्हतं! शेजारच्या सैतामात हातानो-सान म्हणून एक गृहस्थ आहेत. छोटा कारखाना, हौशी लोकांसाठी थोडी थोडी मॉडेलं काढतात. तोबिता-सानचे जुने दोस्त. त्यांनी टिटवी बघितली. आणि त्यांना तिचे डबे काढायचे आहेत! तीनशे डबे! लोक विकत घेऊन घरी बसून टिटवी जोडणार! सेंदाईत, ओसाकात, कुठे कुठे. आणि डब्यावर ठळक छापणार — आराखडा, आणि नाव. छापलेलं नाव! एकदा छापलं की छापलं.

एकच अडचण. हातानो-साननी टिटवी उचलली, फिरवली आणि चेहरा पाडला. म्हणाले, "पुढून पळतंय. मागून कपाट आहे."

मी खजील. खरंच कपाट आहे! मी कबूल केलं की मागची बाजू माझी, अंदाजाने लावलेली. ते म्हणाले, मग आराखडाकाराकडूनच मागची बाजू काढून आणा. जिने हे पाय काढलेत तिच्या डोक्यात पाठही असणारच. पंचवीस तारखेपर्यंत. त्याच दिवशी नावही पक्कं कळवायचं. पाठ मिळाली नाही तर डबा नाही.

दहा दिवस! भरपूर आहेत. एक संध्याकाळ बसली की काढेल.

१६ नोव्हेंबर

नाही म्हणाली.

१९ नोव्हेंबर

परत नाही. आता माझ्याशी सहाचे चार शब्द झाले.

२२ नोव्हेंबर, शनिवार

आज तिच्या खोलीच्या दारात उभा राहून भाषणच केलं. म्हटलं, तन्वी, असा योग कुणाला येत नाही. सामान्य माणसाचं नाव फक्त लाइटबिलावर छापलं जातं. तुझ्यात जे आहे ते दडपू नकोस. एक चित्र, फक्त एक, मागची बाजू.

आणि तिचा स्फोट झाला! "बाबा, मी नाही काढलंय ते! किती वेळा सांगू तुला! मला सरळ रेघ मारता येत नाही, माझ्या बायोलॉजीच्या बेडकाला मिसनी बटाटा म्हटलं होतं! तू ऐकतच नाहीस कधी! कुणाचंच ऐकत नाहीस!"

मी थक्क. अख्खं मराठीत! एक इंग्रजी शब्द नाही — बायोलॉजी आणि मिस सोडून, ते आपण पण म्हणतोच. क्रियापदं बरोबर, लिंग बरोबर, 'किती वेळा सांगू'! सहा वाक्यं सलग! मी तर मोजत होतो. कित्येक वर्षांत पोरगी माझ्याशी इतकं बोलली नव्हती. मला इतका आनंद झाला की मी तिला 'शाबास' म्हणालो.

दार आपटलं तिने.

हरकत नाही. भांडते म्हणजे माझी झाली. बेडकाचं काय, बेडूक मलाही जमायचा नाही. बघून काढणं वेगळं आणि मनातून काढणं वेगळं. एवढं मोठं काही हातून झालं की माणूस घाबरतो आणि नाकारतो. मी समजू शकतो.

सिंधू ओट्याशी भांडी विसळत होती. तिला म्हटलं, "तू तरी समजाव तिला." ती म्हणाली, "काय समजावू?"

"अगं, की नाव छापून येतंय! त्याची किंमत काय असते!"

नळ बंद करून ती माझ्याकडे बघत राहिली. "काय असते?" असं तिने मलाच विचारलं. मी सांगितलं सविस्तर. ती ऐकत होती, हातातलं भांडं तसंच. चांगली श्रोती आहे सिंधू, हे तिचं पहिल्यापासूनच.

२३ नोव्हेंबर, रविवार

मीच काढून बघितली पाठ. चार कागद खर्ची घातले. एकात कपाट, दोनात फ्रीज, शेवटच्यात चक्क टपालपेटी!

हसू येतं, पण दिवस संपत आलेत. परवा मंगळवार. नाही दिली तर सगळं गेलं. आणि डबा गेला तर गेला, पण मार्चनंतर ती पुण्याला जाईल, मग मी तिला कशाच्या जोरावर फोन करायचा? 'जेवलीस का'च्या पुढे माझ्याकडे काय आहे? ही टिटवी एकच आहे आमच्या दोघांत.

२४ नोव्हेंबर, सोमवार

सुट्टी. तन्वी मैत्रिणीकडे. सिंधूने मला न विचारता कपाटावरून प्रशस्तिपत्रक काढलं, पुसलं, वाचलं आणि परत ठेवलं. म्हणाली, "उद्या किती वाजेपर्यंत द्यायचंय ते?"

म्हटलं, दुकान अकराला उघडतं. पण ती देणार नाही गं.

"बघू," म्हणाली.

२५ नोव्हेंबर, मंगळवार

सकाळी सव्वासहाला उठलो. जेवायच्या टेबलावर एक कागद. टिटवी — मागून! पळणारी, तीच, एका दमात काढलेली. पाठीवर दोन मिटलेल्या झडपा, आणि मधोमध आणखी एक बैठक, उलट्या तोंडाची. मला इतके दिवस आत एकच माणूस दिसत होता.

खाली ओळखीचं अक्षर. "मागची बाजू अशी. डब्यावर नाव नीट लिहा. — सिंधू."

ती चहा गाळत होती. मी कागद घेऊन तसाच उभा. विचारलं, मागे बैठक कुणाची?

"एकट्याला कुणी पाठवतं का?" म्हणाली.

इंटरमिजिएट ड्रॉइंगला ए ग्रेड होती म्हणे तिची. लग्नाच्या बायोडेटात लिहिलेलं होतं — छंद, चित्रकला. मी तेव्हा उंची बघितली होती.

म्हटलं, मग गठ्ठ्यात टाकलं का होतंस? "काढून झालं होतं." आणखी आहेत का, म्हटलं. "होती," म्हणाली आणि कप माझ्यापुढे ठेवला.

ऑफिसला जाणार नाही. दुकान अकराला उघडतं हे मला माहीत आहे. सातपासून चौदा वेळा फोन लावलाय.